पाणी खालच्या ताटलीत

पप्पा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने याच विजेच्या डब्यात अळूवड्या वाफवल्या होत्या. "हे कसलं खेळणं," म्हणत तुम्हीच सगळ्या संपवल्यात. तेव्हापासून तुम्ही चहा-बिस्किटांवर आहात.

इडलीचं पीठ वाट्यांत घातलंय. काल तुम्ही पाणी पिठातच ओतलंत. पाणी खालच्या तापणाऱ्या ताटलीत घाला, अर्धी वाटी. मगच बटण दाबा. वीस मिनिटांनी आधी भिंतीतली प्लगची पिन काढा, मग झाकण तोंडापासून लांब धरून उघडा. वाफ फार भाजते. जमेल तुम्हाला.

आणि "मी चर्चला गेलो नसतो तर" हे आता पुरे. आई गेली त्या सकाळी तिने मला फोन केला होता, पप्पा. मी उचलला नाही.

शॅरन