मानिसला बोलतं करण्याचा कार्यक्रम

५ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून मानिसचं शिक्षण सुरू. मानिस म्हणजे गोड. माझ्या बायकोनं, मुर्तीनं, हे नाव ठेवलं तेव्हा पोपट पिल्लू होता, चावत नव्हता. आता नाव बदलायला हवं. पण मुर्ती रागवेल.

मुर्ती लेकीकडे सेमारांगला गेली त्याला बरेच महिने झाले. रेत्नोचं बाळंतपण होतं. ते झालं. मग बाळाला सर्दी. मग बाळाला दात. आता बाळ रांगतं, म्हणजे त्याच्या मागे माणूस हवंच. मला सगळं समजतं, बायकांचा जीव नातवंडांत अडकतो. रोजे सुटून लेबारानची ईद आली की ती येणारच. तोवर पोपटाला एक वाक्य शिकवायचं: मुर्ती, आता जाऊ नकोस. मी स्वतः म्हटलं तर या वयात बरं दिसणार नाही. पोपटानं म्हटलं तर गंमत होईल. ती हसेल आणि राहील. प्लॅन पक्का.

५ नोव्हेंबर, दुपार
चावला. उजव्या हाताचं बोट. सुरुवातीला व्हायचंच.

७ नोव्हेंबर
अख्ख्या सोलो शहरात मुराई पक्ष्याला गायला शिकवावं तर हर्सोयोनं, असं लोक म्हणतात. (निदान माझा मित्र ताक्रिप म्हणतो.) माझा मुराई सेनापती, त्यानं स्पर्धांत जिंकलेल्या ढाली बाहेरच्या खोलीत मांडल्या आहेत. पद्धत साधी. पिंजऱ्यावर कापड, कापडाबाहेर मास्टरची, म्हणजे पक्क्या गायक पक्ष्याची, कॅसेट, आणि घर शांत. शिकणाऱ्या पक्ष्याच्या कानावर भलतं काही पडलं की वर्ष वाया.

मुर्तीला नियम पाठ होते. भांडंसुद्धा कापसावर ठेवल्यासारखं ठेवायची. तिनं तोंड उघडलं की मी नुसतं शू म्हणायचो, की गप्प. अशी शिस्तीची बायको मिळायला नशीब लागतं. अगदीच बोलायचं झालं तर मागे स्वयंपाकघरात बसून पोपटाशी बोलायची. पोपटाला काही शिकवायचं नव्हतं, तेव्हा माझी हरकत नव्हती.

मानिसची कॅसेट आज माझ्याच आवाजात भरली. ताक्रिपला ऐकवली. म्हणाला, हर्सो, तू बायकोला बोलावतोयस की काट्यावरून उसाची गाडी मागे घ्यायला लावतोयस? साखर कारखान्यात जन्म गेला, आवाजात थोडं वजनकाट्याचं येणारच. पुन्हा भरली. मध्येच मीटबॉलवाल्याची गाडी टिंगटिंग करत गेली, त्यावर मी शू म्हणालो, तेही भरलं गेलं. असू दे. टेप फुकट येत नाही.

१२ नोव्हेंबर
आहार. सेनापतीला मानवतो तोच द्यायचा ठरवला: जिवंत रातकिडे आणि लाल मुंग्यांची अंडी. उत्तम प्रोटीन. मानिसनं वाटी उलटी केली. अंडी माझ्या सारोंगवर. रातकिडे पळाले, त्यातला एक पलंगाखाली राहायला गेला आहे. शेजारची बू सुमी कुंपणावरून बघत होती. म्हणाली, पाक हर्सो, पोपट आहे तो, बेडूक नव्हे.
अडाणी बाई. दुर्लक्ष केलं.

१३ नोव्हेंबर
चावला. अंगठा.

१९ नोव्हेंबर, रविवार
दर रविवारी मुर्तीचा फोन बू सुमीकडे येतो. आजही पहिला प्रश्न, मानिस जेवतो का? म्हटलं, तुटून पडतो. म्हणाली, मक्याचे कोवळे दाणे द्या, पपई द्या, आणि त्याला कापडाखाली ठेवू नका, घाबरतो. म्हटलं, छे, कोण ठेवतंय? मग मी विचारलं, लेबारानला येणार ना? ती म्हणाली, बघू. मुर्ती बघू म्हणाली म्हणजे हो. इतक्या वर्षांत तिनं मला नाही असं कधी म्हटलेलं नाही.
फोन ठेवल्यावर बू सुमीनं माझ्याकडे बघून उगाच सुस्कारा टाकला. तिला दम्याचा त्रास असावा.

३ डिसेंबर
आनंदाची बातमी! पिंजऱ्याच्या तळाशी पिसं. छातीची. म्हणजे पक्षी पिसं टाकतोय. पक्षीवाल्यांत पोरंसोरंसुद्धा सांगतील की शिकवायला हाच मोसम सर्वांत चांगला, पिसं टाकताना पक्ष्याचे कान उघडे असतात. सेनापतीला मी असाच घडवला. आता दुहेरी कापड. पिंजरा मागच्या कोठीत. दिवसभर कॅसेट. माणसाचं तोंडसुद्धा दिसता कामा नये.

८ डिसेंबर
पिसं पुष्कळ पडताहेत. प्रगती जोरात आहे. मक्याचे दाणे मात्र तसेच. पपई तशीच. वजन कमी झालंय बहुतेक. गायकाला हलकं अंग चांगलं.

१० डिसेंबर, रविवार
मुर्तीला सांगितलं, पोपट मजेत आहे, जाड झालाय. हे का सांगितलं कोण जाणे. ती खूश झाली एवढं खरं.

बू सुमी वाटीभर भाजी द्यायला आली आणि न विचारता कोठीत शिरली. कापड उचलून अगं बाई म्हणाली. मग माझ्यावरच उखडली. म्हणे, हा एकटा जेवत नाही. मुर्ती ताट घेऊन बसायची तेव्हा तिच्या ताटातलं खायचा. तुम्ही दुसऱ्या खोलीत मुराईजवळ जेवायचात, तुम्हाला कुठून कळणार?

ती गेल्यावर प्रयोग म्हणून कोठीतच ताट घेऊन बसलो. नुसतं बसून जेवायला अवघड वाटलं, तेव्हा दोन शब्द बोललो. कारखान्याचं. एकदा पावसात बैल काट्यावरच बसला आणि त्याच्यासकट उसाचं वजन झालं, ते. मानिस सळईला लोंबकळत खाली आला. माझ्या ताटातला भात खाल्ला. भेंडी खाल्ली. मग डोकं तिरकं करून पुढे काय म्हणून बघत राहिला. मीही सांगत राहिलो. ही बैलाची गोष्ट मी मुर्तीला कधी सांगितली होती का, ते आठवत नाही.

११ डिसेंबर
काल फार मोठी चूक झाली. तासभर बडबडलो! एका महिन्याची मेहनत धोक्यात. आजपासून पुन्हा कडक शिस्त. कोठीचं दार बंद.

१४ डिसेंबर
बोलला! म्हणजे बोलला नाही, टिंगटिंग केलं. हुबेहूब मीटबॉलवाल्याची गाडी. बू सुमी वाडगा घेऊन रस्त्यावर धावली आणि रस्ता रिकामा बघून मला नाही नाही ते बोलली. कॅसेट डोक्यात शिरतेय हे यातून सिद्ध होतं. वाक्य आज ना उद्या येणारच.

७ जानेवारी
लिहावंसं वाटत नाही. आज मुराईंची स्पर्धा होती. सेनापतीचा पिंजरा वर चढवला, परीक्षक खाली उभे राहिले, ताक्रिप माझ्या शेजारी. सेनापतीनं मान उंच केली आणि पोपटासारखा किंचाळला. मानिसची किंकाळी. कोठीचं दार बंद होतं, तरी भिंतीतून शिकला. लोक हसले. परीक्षकानं झेंडी खाली केली, म्हणजे बाद. ताक्रिप म्हणाला, मित्रा, तुझ्या घरात आता एकच आवाज उरलाय, तो असा. मी त्याला म्हटलं, परीक्षकच नवखा होता.

२२ जानेवारी
रोजे सुरू. संकल्प: महिनाभर राग नाही, खोटं नाही, पोपटावर ओरडणं नाही.
दुपारी चावला. करंगळी. रक्त आलं. ओरडलो. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. छाती पूर्ण उघडी पडली आहे. लालसर कातडं दिसतं. नवी पिसं अजून येत नाहीत. या वर्षी पाऊस जास्त, त्याचा परिणाम असणार.

२८ जानेवारी, रविवार
फोनवर मुर्ती म्हणाली, रेत्नोच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी ओसरीत बसतात, तिलाही बोलावतात. फार बोलायला होतं, म्हणे. घसा बसलाय. मी म्हटलं, गरम पाण्यात आलं घालून घे. मुर्ती आणि फार बोलणं! आजारी असणार बिचारी. इथे आली की शांतता मिळेल.

४ फेब्रुवारी
आज दुसरा शब्द शिकला. मी दार उघडलं, बिस्मिल्ला म्हणून वाटी ठेवायला वाकलो आणि तो स्पष्ट, माझ्याच आवाजात म्हणाला, शू!
मी दचकून गप्प झालो.
वाक्याच्या मानानं शब्द लहान आहे, पण उच्चार स्वच्छ आहे.

१२ फेब्रुवारी
मुर्तीचा निरोप. लेबारानच्या दुसऱ्या दिवशी येतेय! रेत्नो, जावई, बाळ, सगळे. मी म्हटलं नव्हतं? घर झाडलं. तिची पलंगाची बाजू झटकली. तिथे सेनापतीच्या खाद्याचे डबे होते, ते हलवले. बू सुमीला बातमी सांगितली. ती म्हणाली, पाक हर्सो, आली की तुम्ही बोला हं तिच्याशी. पोपटावर सोडू नका. हिला वाक्याचं कुणी सांगितलं?

१९ फेब्रुवारी
शेवटची तयारी. कॅसेट दिवसभर. पोपट दिवसभर शू. रात्रभरात येईल वाक्य. शेवटच्या घटकेला येतं पुष्कळांचं.

२१ फेब्रुवारी, दुपार
आले. मुर्तीनं हिरवा कबाया घातला होता, अंगानं भरली आहे, चेहऱ्यावर तेज आहे. आपल्या रीतीप्रमाणे ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली, माझा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, वर्षभरात शब्दानं, वागण्यानं काही चुकलं असेल तर माफ करा. आता रीतीप्रमाणे मी म्हणायचं, माझंही चुकलं असेल तर तू माफ कर. म्हटलं. दर वर्षी म्हणतो तसंच, झरझर. ती क्षणभर तशीच बसून राहिली, पुढे काही येईल असं वाटल्यासारखी. पण रीतीत पुढे काही नाही. मग उठली.

मी म्हटलं, चल, तुला गंमत दाखवतो. कोठीत नेलं. कापड काढलं. मुर्ती पुढे आली. त्या उघड्या छातीकडे बघत राहिली. मग एकदम पिंजऱ्याला बिलगली आणि भडाभडा बोलायला लागली. माझ्या सोन्या, काय झालं रे तुला, जेवला नाहीस का, कोणी बोललं नाही का तुझ्याशी...
मानिस म्हणाला, शू!
रेत्नोला हसू आलं. जावई हसला. बाळही हसलं. मुर्ती गप्प झाली. ताबडतोब, पूर्वी व्हायची तशी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
गेली. मानिसला घेऊन गेली.
जेवताना तिनं त्याला पिंजऱ्यातून काढून मांडीवर घेतलं होतं. तो तिच्या ताटातलं केतुपात, सणाचा पानात शिजवलेला भात, खात होता आणि तिला एकदाही चावला नाही. ती त्याच्याशी इतक्या हळू बोलत होती की मला शब्द कळले नाहीत. उठताना म्हणाली, मी याला नेते. मी विचारलं, आणि तू कधी येणार? ती म्हणाली, आता नाही येणार हो मी. तुमचं जेवणखाण बू सुमी बघेल, मी तिच्याशी बोललेय. मुर्ती मला नाही म्हणाली. पहिल्यांदा.

गाडी दारात उभी होती. जावयानं पिंजरा मागे ठेवला. मुर्ती दार धरून थांबली. आत बसत नव्हती. रेत्नो म्हणाली, बापाक, आईला काही सांगायचंय का? मला एकच वाक्य सांगायचं होतं आणि ते मला पाठ होतं, नोव्हेंबरपासून रोज ऐकत होतो. मी म्हटलं, पिंजऱ्याला वारा लागू देऊ नका, काच वर करून घ्या.
मुर्ती बरं म्हणाली आणि बसली.

२३ फेब्रुवारी
ताक्रिप आला होता. रिकामी कोठी बघून म्हणाला, आता सेनापतीला इथे आण, इतकं शांत घर शिकवणीला मिळत नाही. त्याला चहा दिला. सेनापती किंचाळतोच आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार
मुर्तीचा फोन आला नाही. येण्याचं कारण काय, पोपट तिकडे आहे. दुपारपर्यंत वाट बघून मीच बू सुमीकडे जाऊन लावला. रेत्नोनं उचलला. म्हणाली, थांबा, बोलावते, आई पोपटाजवळ बसलीय. रिसीव्हर तसाच ठेवून गेली.

लांबून मुर्ती ऐकू येत होती. बाजारातली काहीतरी गोष्ट मानिसला सांगत होती, कोंबडीवालीनं कुणाला कसं फसवलं ते, नकला करून. मध्येच हसली. मोठ्यानं, घशातून, पुन्हा पुन्हा. मला आधी वाटलं रेत्नोची कोणी शेजारीण आहे. बायकोचं हसणं मला ओळखू आलं नाही.

मग ती फोनवर आली. म्हणाली, हं, बोला.
मी विचारलं, खातो का? म्हणाली, खातो. पिसं येताहेत बारीक बारीक. म्हटलं, छान. ती थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. म्हणाली, बोला ना. मी तोंड उघडलं. बू सुमी पाठ करून उभी होती, पण ऐकत होती, मला माहीत आहे. मी म्हटलं, पपई पिकलेली देत जा.
देते, म्हणाली. तुम्ही जेवलात? म्हटलं, हो.
जेवलो नव्हतो. बू सुमीनं काही न विचारता ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मला घास उतरेना, नुसतं रडू येत होतं.