चासीवरचं नाव

भोर,
१२ सप्टेंबर १९७१

आदरणीय सोनबादाजींना सोपानचा सविनय जय भीम.

तुमची कंबर आता कशी आहे? भामाअक्काने सारोळ्याहून पाठवलेलं लोणचं पोचलं. (बरणी फुटली होती, हे तिला सांगू नये असं ठरवलं होतं. पण मग पोचपावती अर्धी खोटी ठरते, म्हणून सांगतो.)

अंजनाला वेल्ह्याच्या दवाखान्यातून डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतिणींसाठी तीन-तीन कोस पायी जावं लागतं. दसऱ्यापर्यंत सोय झाली नाही तर तिने नर्सची नोकरी सोडून घरी यावं, असं तुम्ही बजावलं होतंत. त्यावर मी गाडी देतो म्हणून बसलो. शाळामास्तराने असं बोलावं का, हा प्रश्न मी वहीत तीनदा लिहिला. उत्तर लिहिलेलं नाही. गाडी मात्र शिवऱ्याच्या हैबती मिस्त्रीने उभी केली. इंजिन लिलावातल्या लष्करी जीपचं, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्याने स्वतः जोडलेली आणि मागची बैठक आमच्या शाळेतलं बाद झालेलं बाक. (बाकाबद्दल हेडमास्तरांचा दाखला जोडला होता. पुण्याच्या गाडी-नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि मला बसायला खुर्ची दिली.)

कारकून म्हणाला, चासी नवी, तेव्हा हा नंबर तिच्यावर कोरून आणा. आणि एकदा कोरलं की तिथे कानस लावायची नाही, खाडाखोड म्हणजे चोरीची गाडी. मी काळजीत पडलो, पण हैबती म्हणाला, "मास्तर, त्यात काय एवढं? आपला गेनू हाय की!" गेनू म्हणजे भोरच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा. त्याला शिवऱ्याला आणलं. त्याने गाडी कुणासाठी म्हणून विचारलं. माणूस आपलं काम करतो आहे, त्याला अर्धवट उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून मी सगळी हकिगत सांगितली आणि चहा सांगायला गेलो. परत येऊन पाहतो तो नंबर अगदी सुरेख, आणि त्याखाली महिरप काढून: 'चि. अंजना हिस मामांकडून सप्रेम भेट'.

"अरे, हे कुणी सांगितलं होतं?"

"नुसता आकडा कोण घालतंय वो, मास्तर? लई मुकं दिसतं ते."

कचेरीतल्या साहेबांनी तपासणीला वाकून ते मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "मास्तर, गाडी भाचीची, तर अर्ज तुमच्या नावाचा कसा?" मी म्हणालो, कागद पुरे झाले की देणारच होतो. ते म्हणाले, "लोखंड आधीच देऊन मोकळं झालंय." मला त्यांचं पटलं. खरोखर, द्यायची म्हणत मी ती स्वतःच्या नावावर का ठेवत होतो? मामांची गाडी म्हणून चार लोकांनी बघावी, एवढंच असणार. लाज वाटली. नवा अर्ज अंजनाच्या सहीने गेला आणि गुरुवारी नोंदणी झाली. आता सुट्टीच्या दिवशी मी तिला वाड्यांवर नेईन. चिंता नसावी.

अक्काला जय भीम सांगावा.

तुमचा,
सोपान

ता. क. 'मी नेईन' हे वाक्य खोडायला हवं. चालवण्याच्या परीक्षेत मी नापास झालो. गाडी मागे घेताना साहेबांची सायकल आडवी आली. (उभीच होती.) अंजना पहिल्या फेरीत पास झाली. हैबती तिला तीन महिने शिकवत होता. मला ठाऊक होतं. तुम्हाला विचारलं नाही, ही चूक माझी.

ता. क. २. पत्र खरं तर एवढ्याचसाठी. रविवारी भोरच्या एसटी स्टँडवर या. पुढची जागा तुमची, मी मागे बाकावर. अंजना तुम्हाला गुंजवण्याच्या वरच्या वाडीवर नेणार आहे. तिथल्या ठकुबाईला दिवस भरत आले आहेत. त्या घरी चहा घ्या, आणि नोकरी सोड म्हणायचं असेल तर तिथे, त्यांच्यासमोर म्हणा. वाटेत म्हणू नका. वळणं फार आहेत, आणि ती बोलताना तुमच्याकडे बघते.