सिमवाला टॅब

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपार

चि. ठकूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील. शूटिंगच्या धावपळीत वेळेवर जेवत नसशील, ते मला इथे बसून कळतं, म्हणून विचारत नाही. इकडे सगळं ठीक. तुझे बाबा सकाळी फिरून येतात, मग पेपर, मग बातम्या, मग पुन्हा त्याच बातम्या. रिमोट त्यांच्या मांडीवर असतो, म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे. मी शिवणकाम बंद केलं. कंटाळा आला. लोकांच्या पँटी आखूड करण्यात किती आयुष्य घालवायचं? मशीनवर झाकण घातलंय. अक्षर एवढं मोठं कसं, असं म्हणशील. पेन जाड आहे, दुसरं काही नाही.

बातमी अशी की, मी टॅब घेतला. माझ्या पैशांनी, माझ्या पसंतीने, एकटीने जाऊन.

तुझ्या दादाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "आई, मला सांगायचंस ना! मी मागवून दिला असता. तुला काय, छोटासा पुरे." तुला काय! हे दोन शब्द ऐकत मी म्हातारी झाले. तुला काय, जुना पंखा चालेल. तुला काय, मागची खोली चालेल. मी त्याला म्हटलं, मला मोठा पाहिजे होता, मी मोठा घेतला, आणि फोन ठेवला.

दुकानात एक चुणचुणीत मुलगी होती. तिने ओळीने पाच-सहा मांडले आणि विचारलं, "काकू, कशासाठी पाहिजे?" म्हटलं, घरी बसून बघायला. गेम नको, ऑफिसचं काही नको, फोटो काढायचे नाहीत. फक्त बघायला आणि ऐकायला. मग मी तिला एकच सीन प्रत्येकावर लावायला सांगितला. तुझा. कोठडीतला, अंधारातला, तू सळईला हात लावून उभी असतेस तो.

हो, बघितलाय मी. सगळं बघितलंय. तुला वाटत असेल, आईने आपलं एकही काम बघितलं नाही. फोनवर तू विषय काढत नाहीस, मीही काढत नाही. पण गॅलरीत कपडे वाळत घालताना, कानात ती बोंडं घालून, मोबाइलवर मी तुझी पहिली मालिकासुद्धा बघितली. ज्यातला तो तुकडा कुणीतरी तुझ्या बाबांच्या फोनवर पाठवला आणि आपल्या घराचं दार तुला बंद झालं, तीच. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. एक मुलगी एका मुलाचा मुका घेते. बरं काम केलं होतंस. फक्त मोबाइलवर तू नखाएवढी दिसायचीस.

तर दुकानात. पहिल्या टॅबवर काळोख राखाडी दिसत होता, कोठडीत धूर भरल्यासारखा. दुसऱ्याची काच इतकी चकचकीत की तुझ्याऐवजी मला दुकानातले दिवेच दिसत होते. तिसऱ्याचं चित्र सुरेख, पण आवाज डबड्यातून आल्यासारखा. चौथा लावला आणि अंधार खराखुरा काळा झाला, त्यात तुझ्या गालाची कड उजळली. मी म्हटलं, हा.

ती मुलगी हसायला लागली. "काकू, तुम्हीपण जेलरबाईच्या फॅन का? मीपण बघते. काय काम करते ती! पण कसली हरामखोर बाई आहे!"

म्हटलं, "माझी मुलगी आहे."

तिने जीभच चावली. बिचारीला कुठे लपू असं झालं. मी म्हटलं, अगं, हरामखोर वाटली म्हणजेच काम चांगलं झालं ना! मग दोघी पोटभर हसलो. आणि हसता हसता तिने माझ्याकडे निरखून बघितलं. म्हणाली, "काकू, पण तुम्ही स्क्रीनकडे बघतच नाहीये. तुम्ही त्या बाजूच्या खांबाकडे बघताय."

आता तुला सांगायलाच हवं. पेन जाड आहे ते खरं, पण ते मी मुद्दाम आणलंय. शिवणकामाचा कंटाळा आला नाही, सुईत दोरा ओवता येईना. माझ्या नजरेच्या मधोमध एक डाग बसलाय आणि तो वाढतोय. डॉक्टर म्हणाले, पूर्ण काळोख होणार नाही, कडेचं दिसत राहील. चालाल, फिराल, स्वयंपाक कराल. वाचणं आणि माणसं ओळखणं मात्र अवघड होत जाईल. इंजेक्शनं चालू आहेत. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचं.

सरळ बघितलं की समोरच्याचं तोंडच गायब होतं. केस असतात, कान असतात, मध्ये काही नाही. थोडं बाजूला बघितलं की मग तोंड हळूच येतं. म्हणून मोठा स्क्रीन, म्हणून नाकाजवळ, म्हणून खांबाकडे नजर.

रडायचं असेल तर तिकडेच रडून घे. मला कीव नको.

त्या मुलीने पुढे विचारलं, "वायफायवाला देऊ की सिमवाला? घरी वायफाय असेल तर साधा चालेल." म्हटलं, "वायफाय आहे, पण ते यांचं आहे." तिला काय समजलं कोण जाणे, तिने लगेच सिमवाला काढून दिला.

परवा रविवारी तो जेवणाच्या टेबलावर उभा केला. कानात बोंडं घातली नाहीत. आवाज मोठा ठेवला. तू कडाडलीस, "रांगेत उभ्या राहा!" आणि तुझे बाबा हातातला घास घेऊन जागच्या जागी थिजले.

"बंद कर ते."

"नाही करणार."

"तिचं तोंड या घरात दिसणार नाही, असं मी सांगितलंय."

"तुम्ही सांगितलंय. मी कधी हो म्हटलं?"

ते उठले, आत गेले आणि राउटर बंद करून विजयी मुद्रेने येऊन बसले. तू आपली कैद्यांना झापतेच आहेस! त्यांनी टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे चालू कसं?"

"त्यात सिम आहे. माझ्या नावाचं."

मग मी त्यांनाही डोळ्यांचं सांगितलं. हो, त्यांनाही माहीत नव्हतं. दवाखान्यात मी एकटीच जात होते. म्हटलं, "अहो, मला आता तुमचंही तोंड नीट दिसत नाही. जेवढी नजर उरलीय, तेवढ्यात काय बघायचं ते मी ठरवणार."

ते ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला, ते सांगता येत नाही. नेमकं तेवढंच मला दिसत नाही. ताट उचलून ते स्वयंपाकघरात गेले. मी भाग संपेपर्यंत उठले नाही.

काल सकाळी चहा घेताना मी सांगून टाकलं, ठकूला बोलावतेय. विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "ती आली तर मी मुलाकडे निघून जाईन." मी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, स्वेटर वरच्या कप्प्यात आहेत.

बॅग अजून पॅसेजमध्ये आहे. रिकामीच. जाता येता ते तिला वळसा घालतात. काल दुपारी मात्र विचारत होते, पुढचं इंजेक्शन कधी आहे. मी तारीख सांगितली. "बरोबर येतो," म्हणाले. म्हटलं, या. पण ठकू येणारच आहे, ते त्याने बदलत नाही.

तेव्हा सुट्टी मिळेल तेव्हा ये. त्यांची परवानगी मी काढणार नाही, तूही काढू नकोस. बेल वाजव, दार मी उघडेन. तिथेच उजेडात थोडी उभी राहा आणि मी तुझ्या खांद्यापलीकडे भलतीकडेच बघत राहिले, तर वाईट वाटून घेऊ नकोस. तेव्हा मी तुलाच बघत असेन.

कुणाला न विचारता तुला बोलावणारी,
तुझी आई