अर्धाच कप

प्रिय ठोंब्या,

आरंभालाच हे नाव घेतलं म्हणून फुगून बसू नकोस. चांगल्या नावानं हाक मारली की तू ओ देत नाहीस, हे सगळ्या घराला माहीत आहे. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याहून जास्त ती स्वतः. तुझं नाव काढत नाही, पण दाराची कडी वाजली की आधी तीच उठते.

आपण ज्याची वाट बघत होतो तो कायदा गेल्या वर्षी मंजूर झाला, हे तुझ्या कानावर आलं असेलच. त्या दिवशी व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही सगळे टीव्हीपुढे जमलो होतो. व्यसन सोडवायला माणसंच कमी पडतात, हे सरकारला एकदाचं पटलं. आता पदवी नसली तरी चालेल. जो स्वतः त्यातून बाहेर आलाय त्याला सरकारी खर्चानं शिकवणार आणि समुपदेशक म्हणून पगारावर घेणार. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग माझ्याकडे बघून हात खाली घेतले. मी म्हटलं, वरातीमागून घोडं. औषधांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पोटभर रडले.

दारू सुटल्यावर तू इथेच रुग्णांबरोबर बसायला लागलास, तेव्हाची तुझी चहाची पद्धत आठवत होती. नवा माणूस आला की मी नर्स म्हणून त्याला आधी वजनकाट्यावर चढवायची आणि तू म्हणायचास, ताई, थांब जरा, आधी चहा. तोही अर्धाच कप. भरलेला दिला तर थरथरत्या हातातून सांडतो आणि सांडला की माणूस लाजेनं त्याच दिवशी पळ काढतो. तू स्वतः पहिल्या खेपेला तसाच पळाला होतास. मग रोज घोटभर जास्त ओतायचास. ज्या दिवशी काठोकाठ भरलेला कप न सांडता टेबलावर पोचायचा, त्या दिवशी खोलीत नुसता कल्ला. तो दाढीवाला सुतार आठवतो? भरलेला कप हातात धरून हमसून हमसून रडत होता, आणि तू म्हणालास, अरे पी लवकर, खारट होईल.

मग तपासणीचे साहेब आले. पदवी नसलेला माणूस रुग्णांबरोबर बसतो म्हणजे केंद्राचा परवाना जाणार. त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता, नियमच तसा होता. पगार तुला कधी मिळालाच नव्हता, आता बसायचीही बंदी झाली. तू हसत किल्ल्या माझ्या हातात दिल्यास आणि म्हणालास, बरं झालं, आता सकाळी झोपता येईल.

तुझ्या जागी कुणी आलंच नाही. जाहिरात देऊन देऊन डॉक्टरीणबाई थकल्या. तुझी खोली बंद झाली, खाटा रिकाम्या राहिल्या आणि फाटकाबाहेर माणसं ताटकळत उभी. त्यांतच एका सकाळी तू होतास. तोंडाला वास, शर्टाची बटणं खालीवर. माणूस नाही, थोडे दिवस थांबा, असं पहारेकऱ्यानं तुलाही सांगितलं. मी धावत फाटकापर्यंत येईस्तोवर तू वळणापलीकडे गेला होतास. ती तुझी पाठ माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही रे.

रविवारी मी, तू हल्ली राहतोस त्या गॅरेजवर आले होते. तुझे बूट दाराशी होते, तुझा खोकलाही मी ओळखला. किती वेळ दार वाजवलं, तू उघडलं नाहीस. ताई नोकरीचं सांगायला आली असेल, आणि आता काय तोंड दाखवू, असं वाटलं असणार तुला. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. नोकरी आज तुझी नाही, खोटं कशाला सांगू? सलग दोन वर्षं दारूपासून लांब राहिलेला माणूस हवा, अशी अट आहे. ती पुढची गोष्ट. आत्ता एवढंच ऐक. त्या दाढीवाल्या सुतारानं ती अट पाळून पहिल्याच तुकडीत शिक्षण पुरं केलं, सोमवारी तो तुझ्या खुर्चीत बसतोय आणि तुझी खोली उघडतेय. खिडकीजवळची खाट त्यानं हट्टानं तुझ्यासाठी अडवून ठेवली आहे. मी वजनकाटा घेऊन मध्ये येणार नाही, शपथ. तू फक्त ये. चहा तोच देईल, आणि किती ओतायचा ते त्याला माहीत आहे.

वाट बघत फाटकाशीच उभी असलेली,
तुझीच
ताई