गोधडीचे टाके

देवळाली प्रवरा,
१७ फेब्रुवारी

प्रिय अंतूदादा,
जय ख्रिस्त.

इकडे आम्ही बरे आहोत. रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू आहेत, माझी शाळा सुरू आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. वापीचा पत्ता फादर शांतवन यांनी शोधून दिला.

तुमच्या सेमिनरीला पंचवीस वर्षं झाली. फादर तिचा सुरुवातीचा इतिहास लिहितायत. शहरातल्या चर्चमागचं धान्याचं गोदाम, त्यात तुम्ही पहिली सात मुलं, शाळेचे बाक जोडून केलेली वेदी, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मी म्हटलं, हे सगळं मला पाठ आहे. तुझी पत्रं मीच तर आईला वाचून दाखवायचे. विंचू निघाला म्हणून तुम्ही सातही जण बाकांवर चढलात, ते ऐकून ती किती हसली होती.

त्या गोदामात फादरांना एक गोधडी सापडली. ती घेऊनच ते नाताळनंतर घरी आले.

तुला निरोप देताना वस्तीतल्या प्रत्येक घरानं जुन्या लुगड्याचा तुकडा दिला होता. आईनं ते जोडले. तू सगळ्या वस्तीचा फादर होणार होतास ना! सेमिनरी सोडलीस तेव्हा गोधडी तिथेच ठेवलीस. का सोडलीस, मी विचारणार नाही. पण ती काखेत घेऊन इतक्या घरांसमोरून यायचं कसं, हे तुला सुचलं नसणार.

आई बरी नाही, दादा. वर ‘बरे आहोत’ लिहिलंय, ते खोडत नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

बाबांचंही लिहायचं टाळत होते. बाबा दिवाळीआधी गेले. जाताना मला म्हणाले, “सेमिनरी सोडल्यावर अंतू आला होता. राहुरीच्या स्टँडवर मीच त्याला गाठलं आणि म्हटलं, वस्तीला तोंड दाखवू नको.” आईला हे कधी कळलंच नव्हतं. तू आलाच नाहीस, असं समजून तिनं इतकी वर्षं काढली.

गोधडी आली त्या दिवशी मी तिला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “बिलेड दे.”

पडल्या पडल्या तिनं एकेक टाका उसवला. दिसत नाही, बोटांनी चाचपून. तुकडा निघाला की मला पाठवायची, ज्याचा त्याच्या घरी. गोजरकाकूनं तुकडा ओळखला. “आगं, ह्यो तर माझ्या सासूचा! ती कवाच गेली, आता मी ह्याचं फडकं करू व्हय? त्या पोराला म्हनावं, लई भाव खाऊ नको, ये गुमान.” दादा, एकाही घरात कोणी राग धरून बसलेलं नव्हतं. निम्म्यांना तर गोधडी आठवतही नव्हती.

काल शेवटचा तुकडा गेला. आई म्हणाली, “समद्यांचं समद्यांना पोचलं. आता त्याच्यावर कुनाचा हक न्हाई. येईल आता.”

तेव्हापासून ती पाणीसुद्धा घेत नाही. दुसरं पांघरूण घातलं तर काढून टाकते. तिच्या स्वतःच्या लुगड्याचा हिरवा तुकडा तेवढा मुठीत धरलाय. फादर शेवटचं पवित्र तेल लावायला आले तर तोंड फिरवते. “अंतू आल्याबिगर न्हाई.” तू फादर नाहीस, हे तिला माहीत आहे. तिला फक्त तू उशाशी हवास.

ये. जसा आहेस तसा ये, कंपनीच्या कपड्यांत ये. स्टँडवर आता कोणी अडवायला नाही. मी रोज प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत. त्या मुठीकडे बघत राहते. सकाळी ती जरा सैल वाटली, मी बोटं पुन्हा मिटवली.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी जिला अजून बोलता येतं ती,

तुझी
मार्था