डावा कोपरा रिकामा

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतरची पहिली प्रॅक्टिस. मैदानावर नऊ पोरी. सगळ्यात मोठी प्राची, वय एकोणीस. सगळ्यात अनुभवीही तीच, कारण गेल्या वर्षी ती राखीव म्हणून बाकावर बसली होती.

गेल्या मोसमातल्या सात जणी गेल्या. तिघींची लग्नं झाली, दोघी धाटावला कंपनीत लागल्या, एक पोलीस भरतीच्या क्लासला पनवेलला, एकीचा गुडघा. मंडळाचा सेक्रेटरी दिनेश म्हणाला, "मॅडम, ही नवी बांधणी समजा. तीन वर्षांचा प्लॅन करा. फ्रेश टीम." डोलवीच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून घरच्यांशीही असाच बोलत असावा. तीन वर्षांत या फ्रेश टीममधल्या निम्म्या सासरी असतील. पुरुषांच्या संघात पस्तिशीचे दोघे अजून लंगडत चढाईला जातात, त्यांना कुणी बांधणी शिकवत नाही.

जाता जाता हेही सांगून गेला: जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो तर पुढच्या वर्षीपासून महिला कबड्डी बंद. कमिटीत ठरलंय. पहिली मॅच ३० तारखेला, पेणला.

५ नोव्हें., बुध.

बचाव बघवत नाही. शेजारच्या दोघींनी हात धरून उभं राहायचं, कोपऱ्यातलीने हात दाबला की दोघींनी मिळून झेपायचं. एवढंच आहे. पण हात कधी दाबायचा, हे आमच्या कोपऱ्यातल्या एकीलाही माहीत नाही. नऊ जणींतली निकिता कोपऱ्यातलीच्या शेजारी उभी राहते, चढाईवालीचा पाय बघून उडी मारते, तोवर पाय मध्यरेषेपलीकडे घरी पोचलेला असतो. हे शिकवून येत नाही. दहा मोसम मार खाल्ल्यावर येतं.

मीच उतरले असते. वजन ७९, मर्यादा ७५. चार किलोंनी लाज राखली.

चार दिवस डोक्यात एकच नाव. संगी. सहा वर्षं ती डाव्या कोपऱ्यात आणि तिच्या शेजारी मी. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन रोह्याला गेली नि खेळ सुटला. तिच्यानंतर माझ्या शेजारी तीन कोपरे बदलले, एकही टिकला नाही.

६ नोव्हें.

फोन केला. संगी धाटावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. मागे भांड्यांचा आवाज. खेळतेस का म्हटल्यावर आधी हसली. मग म्हणाली,

"सासूला इचारावं लागंल. तू ये नि इचार. मी नाय इचारनार, त्यांचीच अट व्हती. आनि मी घरात नसताना ये."

अट म्हणाली. रविवारी येते, एवढंच म्हटलं.

जे कुणाला सांगितलेलं नाही ते इथे तरी लिहावं. तिला बघायला रोह्याची माणसं आली तेव्हा मी ओटीवर होते. कॅप्टन म्हणून संगीच्या वडिलांनी मुद्दाम बोलावलं होतं, पोरीबद्दल चांगलं बोलायला. सासूने मलाच विचारलं, "लग्नानंतर ही खेळायला जानार काय?" वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही हो, सोडणार आहे. तिचंच ठरलंय." तिचं काहीच ठरलं नव्हतं. ती आत चहा करत होती. स्थळ चांगलं होतं, हातचं जायला नको, असं वाटलं. आपण शहाणपणा केला असंही वाटलं. वडिलांनी नंतर तिला सांगितलं की तिकडची अट आहे. ते आता नाहीत.

आता त्याच बाईकडे जाऊन शब्द परत मागायचा.

९ नोव्हें., रवि.

रोह्याला जाऊन आले. एसटीत काय काय बोलायचं त्याची तयारी केली होती. पोरींची शिस्त, जिल्ह्याचं नाव, आठवड्यातून दोनच दिवस, वगैरे. काही लागलं नाही.

सासूबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. मला ओळखलं. "तू ती कॅप्टन ना गो?" मी विषय काढला. सूप थांबलं.

"तूच म्हनाली व्हतीस ना सोडनार हाय?"

म्हटलं, हो, पण तुमची अट होती म्हणून.

"माझी कसली अट? सकाळचं पानी कोन भरील, म्हशीचं कोन बघील, त्ये ठरवायचं व्हतं म्हनून इचारलं. खेळनार असती तर थोरल्या सुनेला सांगितलं असतं. माझ्या भावाची पोर खेळायची. तिचं नाक फुटलं तवा हळद मीच भरली व्हती. तू म्हनालीस पोरीचंच ठरलंय, मी म्हटलं आसंल, कंटाळली आसंल."

मग म्हणाल्या, "जाऊ दे की आता. मना काय."

परत सूप सुरू. चहा घेतला. साखर जास्त होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. दोघी बारा वर्षं एका चुलीवर भाकऱ्या भाजतायत. एकीला वाटतं हिचंच मन उडालं, दुसरीला वाटतं हिनेच अडवलं. आणि ते मी केलं, एका वाक्यात, चहा यायच्या आधी. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

संगीला फोन केला. "परवानगी मिळाली," एवढंच सांगितलं.

"येवढ्या लवकर?" म्हणाली.

१३ नोव्हें., गुरु.

संगीच्या नोंदणीचे कागद. आधार, दोन फोटो. जुन्या कागदावर माहेरचं नाव, नव्यावर सासरचं. क्लार्कने विचारलं, या दोन वेगळ्या बायका का? म्हटलं, एकच आहे, मधे जरा विश्रांती घेतली.

१६ नोव्हें., रवि.

संगी आली. नवऱ्याची ट्रॅकपँट घालून. वजन ७२, देव पावला. पोरी "काकू" म्हणाल्या. ती सरळ डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. प्राची चढाईला आली, घोट्याला धरून बसवली. दुसऱ्यांदा बसवली. तिसऱ्यांदा प्राची मातीत पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, सोडा ना." तिथून ताई.

दम मात्र नाही. दहा मिनिटांत ओठ पांढरे. पाण्याला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "नेमकं काय म्हनाल्या गो सासूबाई?"

"जाऊ दे म्हणाल्या."

"बस? येवढंच?"

"एवढंच."

केस परत बांधले आणि गेली मैदानात.

२० नोव्हें., गुरु.

दुपारच्या एसटीने आली, थेट शिफ्टवरून. अंगाला फोडणीचा वास. निकिताचा हात धरून तासभर उभी. "जीव घेशील माझा. दोरी नाय आवळायची, हात धरायचाय. तव्यावर टाकताना भाकरी धरतात तसा धर." निकिताला भाकरी येत नाही. मग ते उदाहरण बाद, आणि दुसरं सापडेपर्यंत सगळ्या हसत बसल्या.

तीन वर्षांचा प्लॅन मी फाडला. नऊ कोऱ्या पोरी एकमेकींना काय शिकवणार? एक जुनी मधे उभी केली की तिच्या दोन्ही बाजूच्या आपोआप शिकतात. तेवढाच माझा प्लॅन. दिनेश आला होता. "पस्तिशीला आलेली बाई घेऊन नवी बांधणी कशी व्हायची, मॅडम?" म्हटलं, तुझ्या पुरुषांच्या संघात काय बालवाडी भरते का?

२३ नोव्हें., रवि.

निकिता आता पाचातून दोनदा वेळेवर झेपते. आनंद झाला, दाखवला नाही. दाखवला की पोरी ढिल्या पडतात.

संगीला सांगायला हवं. पण आज सांगितलं आणि ती उद्यापासून आली नाही तर? डावा कोपरा पुन्हा रिकामा. मग पहिल्या फेरीत हरणार, संघ बंद, या नऊ जणी घरी. मॅच झाल्यावर सांगेन. कोच म्हणून हेच बरोबर आहे.

लिहून बघितलं. बरोबर दिसतंय.

२७ नोव्हें., गुरु.

प्रॅक्टिसनंतर तिला सोडायला वडखळच्या नाक्यावर गेले. गाडीला वेळ होता. वडापाव घेतला. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाबा म्हनाले त्यांची अट हाय, तवा मी दोन दिवस जेवले नव्हते. तुला ठावं हाय?"

नव्हतं माहीत.

ती माझ्याकडे वळली आणि थांबली. मी म्हटलं, "बस आली."

आलेली बस अलिबागची होती.

२९ नोव्हें., शनि.

उद्या मॅच. समोर रोह्याकडचा संघ, त्यात तिशीच्या तिघी. आमच्याकडे एक. प्राचीला ताप नाही, नुसती भीती आहे. झोप म्हटलं.

संगीला फोन लावला. नवऱ्याने उचलला, ती दळण आणायला गेली होती. निरोप ठेवू का म्हणाला. नको म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

३० नोव्हें., रवि.

जिंकलो. २९–२७.

मध्यंतराला सहा गुणांनी मागे होतो. प्राची दोनदा बोनस गुणाच्या नादात पकडली गेली. संगीने पहिल्या डावात तीन पकडी केल्या, मग पाच मिनिटं बाहेर बसवली, पुन्हा उतरवली. शेवटची चढाई त्यांची, आम्ही एका गुणाने पुढे. उंच पोरगी, लांब पाय, डावीकडेच आली. मी निकिताकडे बघत होते. ती पायाकडे बघतच नव्हती. समोर बघत होती आणि हात संगीच्या हातात सैल होता. मग दोघी एकदम गेल्या. ती पोरगी खाली आणि शिट्टी.

मला रडू आलं. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, म्हणजे कुणाला कळणार नाही.

दिनेश: "प्लॅन वर्कआऊट झाला, मॅडम!" कुणाचा, ते विचारलं नाही. महिला संघ राहणार असं म्हणाला.

संगी मैदानाबाहेर पायरीवर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. शेजारी बसले. म्हटलं, "संगे, एक सांगायचं होतं."

"आत्ता?"

पट्टी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तू येऊन गेलीस त्याच दिवशी सासूबाईंनी सगळं सांगितलं मना. त्या पन रडल्या, मी पन रडले. तीन हप्ते वाट बघितली तू सांगशील म्हनून. नाक्यावर तर तोंडात घास दिला व्हता तुझ्या."

"मग आलीस कशाला?"

"खेळायचं व्हतं म्हनून. तुझ्यासाठी नाय."

मी म्हटलं, चुकलं माझं. स्थळ जाऊ नये असं वाटलं होतं.

"मना इचारायचं व्हतंस. आत चहा गाळत व्हते मी. चार पावलांवर."

तिने पट्टी पिशवीत टाकली, निकिताच्या डोक्यावर टपली मारली आणि स्टँडकडे गेली. बुधवारच्या दुसऱ्या फेरीचं काही बोलली नाही. मलाही विचारवलं नाही.

१ डिसेंबर, सोम.

शाळा. तिसऱ्या तासाला आठवीला लंगडी दिली आणि झाडाखाली बसले. पाठ दुखतेय, खेळले नाही तरी.

बुधवारी दुसरी फेरी. खेळाडूंची यादी आज पाचपर्यंत द्यायची. नऊ नावं लिहिली. दिनेशचा दोनदा फोन. "दहावं टाका ना मॅडम, येईलच ती. नाही कशाला म्हणेल?"

म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही.

"अहो, फॉर्मॅलिटी आहे."

फोन ठेवला.

डाव्या कोपऱ्यात निकिताला उभं करून बघितलं मनात. एखादी चढाई निभावेल. दुसरी नाही.

संगीची शिफ्ट दोनला सुटते. आता पावणेदोन.