हसायची अट

वाशीम,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनींच्या चरणी इंद्रभानचा सा. न. वि. वि.

पोस्टातली नोकरी संपून दोन वर्षं झाली, तरी पत्र लिहायला बसलो की हात आधी पिनकोड लिहितो. आज तो लिहून झाला आणि मायन्यावर अडलो. चाळीस वर्षं तुम्हाला ‘ती. सौ. वहिनी’ लिहीत आलो. आता त्या जागी जे लिहायची रीत आहे ते हातून उतरेना, म्हणून नुसतं वहिनी लिहिलं. राग मानू नये. फोनवर मला बोलणं सुचत नाही हे तुम्ही जाणताच.

इकडे सर्व ठीक. हिचे गुडघे थंडी सुरू झाल्यापासून दुखतात. तुमची तूर फुलावर आली असेल.

परवा तुमच्या शिवमचा फोन आला होता. दादाचं वर्षश्राद्ध ७ डिसेंबरला, रविवारी करायचं ठरलं असं त्यानं सांगितलं. मी हजर राहीनच. गेल्या वर्षी स्मशानातूनच परत फिरलो, घरी आलो नाही, याची बोच वर्षभर आहे. पण त्यानं पुढं असंही सांगितलं, की संध्याकाळी दादाचे दोस्त फय्याजभाई अंगणात पडदा बांधणार आणि तो जुना मुका सिनेमा दाखवणार, तो जाड्याचा आणि बारक्याचा. दादानं तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.

वहिनी, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं मागतो. तो सिनेमा त्या दिवशी लावू नका. भजन ठेवा, कीर्तन ठेवा, खर्च मी देईन. एक जाडा आणि एक बारका दुकानाची पाटी लावायला शिडी घेऊन निघतात, शिडी फिरते, जाडा पडतो आणि लोक हसतात, हे दादाच्या श्राद्धाला लोकांनी पाहावं हे मला बरं वाटत नाही. शिवम तरुण आहे, त्याला समजणार नाही. तुम्ही समजून घ्याल.

आपली माया होती तशी राहावी ही विनंती.

आपला,
इंद्रभान


मेडशी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रभानभाऊजी यांस विजयमालाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. मायन्यात ते दुसरं लिहिलं नाही हे बरं केलं. बाकी सगळ्यांनी लिहिलं. पत्रिकेवर, पासबुकाच्या अर्जावर, अगदी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही हे सांगायला आलेल्या बाईनंसुद्धा तोंडानं म्हटलं.

तूर बरी आहे. सोयाबीन भिजलं, जेवढं निघालं तेवढं घरात आहे. तुमच्या घरी गुडघ्याला निरगुडीच्या पाल्यानं शेकायला सांगा.

आता तुमच्या मागणीचं. सिनेमा लागणार. मी समजून घेईन असं तुम्ही लिहिलं. तुम्हीही थोडं समजून घ्यावं म्हणून लिहिते.

आमच्या योगिनीच्या हळदीच्या संध्याकाळी स्टेजवरून पडल्यावर त्यांचा खुबा मोडला आणि डावा कान गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं सगळं तुम्ही पाहिलं नाही. काठी आली. अंगणात, शाळेच्या रस्त्यावर, कधी बाजारात ते पडत. पडले की उठायच्या आधी मान वर करून चहूकडे पाहत. मला वाटायचं, कोणी धरायला येतं का ते पाहतात. तसं नव्हतं. कोणी हसतं का ते पाहत होते. कोणी हसत नव्हतं. लोक धावत येत, अरेरे म्हणत, पाणी देत. तीस वर्षं शाळेत पोरांना पडून दाखवून हसवणारे मास्तर, त्यांच्यावर हसायची गावाला लाज वाटू लागली. ते मला म्हणाले होते, विजू, मानूस पडला अन् लोक हसले म्हंजे समजावं त्याले काही झालं नाही. हसत नाहीत म्हंजे तो संपला.

दुपारी जेवण झालं की मोबाईलवर तोच सिनेमा लावत. एकटे हसत. उजवा कान मोबाईलला लावून पाहत, मुक्या सिनेमाला कान लावायची काय गरज, ते मला अजून समजलं नाही.

आणि तुम्ही. पहिलं वर्षभर तुम्ही दर रविवारी आलात, हे मी नाकारत नाही. सफरचंदं आणलीत. पायाशी बसलात आणि त्यांच्या काठीकडे पाहून डोळे पुसलेत. दर रविवारी. शेवटी ते वैतागले. म्हणाले, त्याले सांग, हसता येत असन तं ये, नाही तं येऊ नको. मी तुम्हाला फाटकात हेच सांगितलं. त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं असंच मला वाटलं होतं. तुम्ही मान खाली घालून गेलात ते नऊ वर्षं आला नाहीत. भावाला भेटायला एवढी सोपी अट जगात कोणाला पडली नसेल, आणि तुम्हाला ती जमली नाही.

तेव्हा भजन-कीर्तनाचा खर्च तुमच्याजवळच असू द्या.

घरात सगळ्यांना आशीर्वाद.

विजयमाला


वाशीम,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनींच्या चरणी सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण मला का जमलं नाही, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. दादालाही नाही. आता तुम्हालाच सांगतो.

हा सिनेमा आम्ही पहिल्यांदा अनसिंगला पाहिला. मी सात वर्षांचा, दादा दहाचा. सरकारी प्रचाराची गाडी शाळेच्या मैदानात आली होती. समोर सगळं गाव बसलेलं, पोरांना जागा नाही. दादानं मला पडद्याच्या मागं नेलं. मागूनही तसंच दिसतं, वरून मोकळी जागा, असं तो म्हणाला. गाडी चार दिवस आसपासच्या गावांत होती. आम्ही चारही दिवस गेलो आणि चारही दिवस मागूनच पाहिला. दुसऱ्याच दिवशी आमची नक्कल सुरू झाली. तो जाडा, मी बारका. पुढं घरातल्या प्रत्येक लग्नात हळदीच्या संध्याकाळी ती झालीच पाहिजे असा दंडक पडला. बारका खांद्यावर शिडी घेऊन वळतो, जाडा लोकांकडे पाहत हात पुसत असतो आणि शिडी डोक्यावर यायच्या नेमक्या क्षणी रुमाल उचलायला वाकतो. दादा शिडीकडे पाहत नसे. मनात तीन मोजून वाकायचा. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

योगिनीच्या हळदीच्या दोन दिवस आधी शिवमनं तो सिनेमा कॉम्प्युटरवर शोधून काढला आणि मला दाखवला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो समोरून पाहिला. बारका उजवीकडून वळतो. आम्ही मागून शिकलो होतो, म्हणून मी सगळी वर्षं डावीकडून वळत होतो. वहिनी, मी पोस्टातला माणूस. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. दादालाही शिवमनं दाखवला होता. त्यालाही समजलं असणार असं मी धरून चाललो. विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी बरोबर वळलो. शिडी दुसऱ्या बाजूनं आली आणि एक आकडा आधी आली. दादाचे तीन मोजून झाले नव्हते.

एवढं असतं तरी मी निभावलं असतं. पण तो स्टेजखाली पडला तेव्हा मांडव हसला आणि मीही हसलो. दादानं आज नवीन काही काढलं असं मला वाटलं. तो आता टोपी झटकत उठेल म्हणून मी शिडी खांद्यावर घेऊन उभा राहिलो आणि हसत राहिलो. मांडवातले लोक थांबले, तरी मी हसत होतो. फय्याजभाईंनी माझा हात धरला तेव्हा थांबलो.

त्यानंतर मला हसता आलं नाही. दादासमोर तर नाहीच. तुम्ही म्हणता अट सोपी होती.

यावर उत्तर आलं नाही तरी माझी तक्रार नाही. वडीलपणाची सावली असावी.

इंद्रभान


मेडशी,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रभानभाऊजींस आशीर्वाद.

त्यांना ठाऊक होतं.

अकोल्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलले, की इंद्र्या बरोबर वळला, चाळीस वर्षांत पयल्यांदा बरोबर वळला अन् मी मेलो. शिवमनं दाखवला तेव्हा ते इतके हसत होते की कोण कुठून वळतं ते पाहायला डोळे उघडे होते कुठे. शिडी दुसऱ्या बाजूनं आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपण तर मागून शिकलो होतो. ही गोष्ट ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्यांच्या मते जगातला सगळ्यात मोठा विनोद तोच होता. ऐकणारे तोंडं पाडून बसत.

तुम्हाला का नाही सांगितलं, असं विचाराल. मी एकदा म्हटलं होतं, मी कळवते. तर नको म्हणाले. हे सांगायचं नाही, दोघांनी मिळून हसायचं आहे, तो हसत आला की मी सांगीन. आणि तुम्ही दर रविवारी रडत आलात. तुम्ही स्वतःला गुन्हेगार धरून बसलात आणि ते इकडे विनोद घेऊन बसून राहिले. नऊ वर्षं एक माणूस एक विनोद घेऊन फाटकाकडे पाहत होता, भाऊजी. मी पाहिलं आहे.

तेव्हा ७ तारखेला या. सकाळी विधी, दुपारी पंगत, दिवेलागणीला सिनेमा. खुर्ची समोर ठेवते, मागं नाही. अट तीच आहे, त्यांनी मागं घेतली नव्हती. जमलं तर हसा. नाही जमलं तर जेवून जा.

विजयमाला


वाशीम,
११ डिसेंबर २०२५

ती. वहिनींच्या चरणी कृतज्ञ इंद्रभानचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. मालेगावपर्यंत शिवमनं सोडलं, पुढं एस. टी. मिळाली. निघताना तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आला नाहीत. पाहुण्यांच्या गर्दीत मी हाक मारली नाही. म्हणून जे बोलायचं होतं ते लिहितो.

सिनेमा सुरू झाला तेव्हा सगळं अंगण गप्प होतं. श्राद्धाला हसावं की नाही हे कोणाला ठरवता येईना. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी खाली पाहत होतो. फय्याजभाई कानाशी म्हणाले, मास्तरनं पडदा मेरेसे धुलवाके रखा था, और तुम जमीन देख रहे. म्हणून वर पाहिलं.

वहिनी, पंचावन्न वर्षं मी त्या सिनेमात फक्त बारक्याला पाहत आलो. माझं काम तेच होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाड्याकडे पाहिलं. वाकून चुकवलेली शिडी परत फिरून यायच्या आधी तो क्षणभर बारक्याकडे बघतो. त्याला कळलेलं असतं. बाजूला व्हायला जागाही असते. पण हा आता काय करणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि आपण इथून हललो तर या येड्याचं काय होईल, असा त्याचा चेहरा होतो. मग तो जागेवरच उभा राहतो. तो चेहरा हुबेहूब दादाचा होता. शाळेत माझ्याऐवजी छडी खाताना तो असाच उभा राहायचा.

आणि मला हसू आलं. कसं आलं सांगता येत नाही. पोटातून आलं, आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. फय्याजभाई हसले. मग शिवम, योगिनी, मग सगळंच अंगण. शेवटी जाडा पाटीसकट हौदात पडतो तेव्हा शाळेतले जुने मास्तर खुर्चीचा हात बडवत होते. दादा असता तर त्यानं पुन्हा लावा म्हटलं असतं.

त्या रात्री अकरा वर्षांनी शांत झोप लागली. तुम्ही खुर्ची समोर ठेवली म्हणून हे झालं. तुमचे उपकार कसे फेडू ते समजत नाही.

आता मी येत जाईन म्हणतो. संक्रांतीला हिलाही आणतो. पुढं पूर्वीसारखं दर रविवारी. तुमची तूर काढायला शिवमला हातभारही लागेल.

तुमची माया माझ्यावर परत आली असं समजू का?

आपला,
इंद्रभान


मेडशी,
१८ डिसेंबर २०२५

इंद्रभानभाऊजी यांस,

मी बाहेर आले होते. तुम्ही पाहिलं नाही.

सिनेमा चालू असताना मी चुलीपाशी दुसऱ्या दिवशीच्या विड्यांची पानं पुसत होते. बाहेर सगळं गप्प होतं. अचानक हसू ऐकू आलं. तुम्हा भावांचं हसू इतकं सारखं आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. कसं असणार, अकरा वर्षं मी तुमचं ऐकलं नव्हतं. आधी तो घशात अडकल्यासारखा आवाज, मग एकदम सुटतं ते. मी हातातली पानं टाकली आणि पदर सावरायचं भान न ठेवता धावत दारात आले. किती वेळ ते खरं वाटलं सांगू? अंगणातल्या एवढ्या खुर्च्यांमधून तुमच्यापर्यंत नजर पोहोचेपर्यंत.

मग तुम्ही दिसलात. मान मागं टाकून, मांडीवर हात मारत हसत होतात. मला आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांची इच्छा पुरी झाली, सगळे तेच म्हणत होते. शिवम रडत मिठी मारायला आला. मी त्याला बाजूला केलं आणि आत गेले. तुम्हाला निरोप द्यायला मी आले नाही, ते पाहुण्यांच्या गर्दीमुळे नाही.

भाऊजी, तुम्हाला हसता येत नाही म्हणून मी तुम्हाला नऊ वर्षं माफ करत आले होते. ते चिडायचे, मी समजावायची. म्हणायची, त्याच्यानं होत नाही, त्याचा जीव आतून मोडला आहे, लंगड्याला चाल म्हणून कसं चालेल. माझ्यापुरतं मी ते खरं मानलं होतं.

तर तुम्हाला येत होतं. एक चेहरा नीट पाहायचा होता. तो चेहरा नऊ वर्षं या घरात खाटेवर बसून होता, तुम्ही काठीकडे पाहत राहिलात.

संक्रांतीला येऊ नका. रविवारीही नको. तुरीला माणसं आहेत. शिवमला मी काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, त्याला त्या दिवसाचा आनंद आहे तो राहू द्या.

मायेचं तुम्ही विचारलं. परत येईल तेव्हा मीच लिहीन. तोवर वाट पाहावी लागेल. वाट पाहणं कसं असतं ते मी या घरात पाहिलं आहे, माणूस त्यानं लगेच मरत नाही.

घरी गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते कार्डावर कळवा.

विजयमाला